थांबलेला थ्रेड जागा का होत नाही?

मागच्या अंकात थ्रेड (एकाच प्रोग्राममध्ये एकाच वेळी चालणारे कामाचे धागे) आणि लॉक (सामायिक माहिती एका वेळी एकालाच हाताळू देणारं कुलूप) यांच्याबद्दल लिहिलं होतं. त्यावर आलेली बहुतेक पत्रं एकाच जागी अडलेली दिसली: एका थ्रेडने सामायिक किंमत (दोघंही वापरतात त्या व्हेरिएबलमधला आकडा) बदलेपर्यंत दुसऱ्याला नीट थांबवायचं कसं? म्हणून हे सदर या वेळी फक्त त्याच प्रश्नाला दिलं आहे. पत्रांतला प्रोग्रामचा तपशील आम्ही थोडक्यात केला आहे.

प्रश्न : छावणीच्या धान्य मंडीजवळ एका धर्मकाट्यासाठी मी सी भाषेत प्रोग्राम लिहिला आहे. एक थ्रेड सीरियल पोर्टवरून वजन वाचतो आणि वजन स्थिर झालं की 'तयार' या ग्लोबल व्हेरिएबलमध्ये १ ठेवतो. दुसरा थ्रेड 'तयार' शून्य असेपर्यंत रिकाम्या लूपमध्ये फिरतो आणि मग पावती छापतो. घरच्या लॅपटॉपवर सगळं चालतं, पण काट्यावर -ओ२ (कोड वेगवान करायला सांगणारा पर्याय) लावून कंपाइल केलं की पावती येतच नाही. लूपमध्ये एक प्रिंटएफ घातला की पुन्हा येते. असं का? — एक वाचक, छावणी, इंदूर

उत्तर : कंपायलरने तुमचा लूप पाहिला. त्या लूपमध्ये 'तयार' कुणीच बदलत नाही, मग ते दर फेरीला मेमरीतून वाचायचं कशाला, असा त्याने हिशेब केला. -ओ२ वर तो किंमत एकदाच वाचतो आणि ती शून्य असेल तर सरळ न संपणारा लूप लिहून टाकतो. वजन वाचणारा थ्रेड मेमरीत १ ठेवतो, पण ते वाचायला कुणी जात नाही. प्रिंटएफ हे बाहेरचं फंक्शन. त्याच्या आत ग्लोबल व्हेरिएबल बदललं जाणार नाही याची कंपायलरला खात्री देता येत नाही, म्हणून तो किंमत पुन्हा वाचतो आणि प्रोग्राम 'सुधारतो'. प्रिंटएफ घातल्यावर दोष नाहीसा झाला तर बहुतेक वेळा तो लपलेला असतो, गेलेला नसतो.

उपाय म्हणून 'तयार'ला व्होलाटाइल हा शब्द लावू नका. त्याने वाचन दर फेरीला होईल, पण सी भाषेत व्होलाटाइल थ्रेडांसाठी नाही. वजन आधी लिहिलं गेलं आणि 'तयार' नंतर, हा क्रम प्रोसेसरच्या दुसऱ्या कोअरला (स्वतंत्रपणे काम करणाऱ्या भागाला) तसाच दिसेल अशी हमी त्यात नाही. इंटेलच्या प्रोसेसरवर तुमचं नशीब पुष्कळदा साथ देईल. एआरएम प्रकारच्या प्रोसेसरवर 'तयार' १ दिसूनही वजन आधीच्या ट्रकचं मिळू शकतं. आणि सी११ पासूनच्या मानकाप्रमाणे दोन थ्रेडांनी एक साधं व्हेरिएबल लॉकशिवाय वापरलं आणि त्यातला एक जरी लिहिणारा असला, तर त्या प्रोग्रामच्या वागण्याला काही अर्थच उरत नाही.

दुसरी अडचण म्हणजे रिकामा लूप एक अख्खा कोअर शंभर टक्के जाळतो. लूपमध्ये १० मिलिसेकंदांची झोप घातली तर थ्रेड सेकंदाला शंभर वेळा फुकट उठतो, शिवाय बदल कळायला सरासरी ५ मिलिसेकंद उशीर होतो. काट्याला तेवढा उशीर चालेल, पण क्रमाची हमी झोपेनेही मिळत नाही.

तुम्हाला तीन गोष्टी एकत्र हव्यात: एक म्युटेक्स (म्हणजे लॉक), एक कंडिशन व्हेरिएबल (ज्याच्यावर थ्रेड झोपतो आणि सिग्नल मिळाला की उठतो), आणि ज्याची वाट पाहायची ती खरी माहिती. पावतीच्या बाबतीत ही माहिती 'तयार' सारखा झेंडा नसावी, स्थिर वजनांची रांग असावी. पहिली पावती छापून होण्याआधी दुसरा ट्रक काट्यावर स्थिर झाला तर एकाच व्हेरिएबलमध्ये पहिल्याचं वजन पुसलं जाईल. सी मधल्या पीथ्रेड्स या थ्रेडांच्या लायब्ररीत छापणाऱ्या थ्रेडचं रूप असं ('बदल' हे कंडिशन व्हेरिएबल, 'कुलूप' हा म्युटेक्स, आणि 'बंद' हा प्रोग्राम थांबवताना १ होणारा झेंडा):

लॉक घ्या (कुलूप)
जोवर (रांग रिकामी आहे आणि बंद == ०)
  पीथ्रेड_कॉन्ड_वेट (बदल, कुलूप)
जर (रांग रिकामी आहे) लॉक सोडा आणि बाहेर पडा
प्रत = रांगेतलं पहिलं वजन, ते रांगेतून काढा
लॉक सोडा (कुलूप)
पावती छापा (प्रत)

वाचणारा थ्रेड लॉक घेतो, वजन रांगेत घालतो, लॉक सोडतो आणि पीथ्रेड_कॉन्ड_सिग्नल देतो.

यात सगळं महत्त्व वेट या एका ओळीला आहे. लॉक सोडणं आणि झोपणं ही दोन कामं ती अखंड करते. समजा तुम्ही ती स्वतः दोन ओळींत केली: रांग रिकामी दिसली, लॉक सोडला, आणि झोपायच्या आधीच्या त्या फटीत दुसऱ्या थ्रेडने वजन घालून सिग्नल दिला. तेव्हा झोपलेलं कुणीच नव्हतं, म्हणून सिग्नल हवेत विरला. मग तुम्ही झोपलात. पुढचा ट्रक येईपर्यंत पावती नाही, आणि ज्याचं वजन झालं तोच दिवसातला शेवटचा ट्रक असेल तर येणारच नाही. घरात कुणी नसताना वाजलेल्या दाराच्या घंटीसारखा हा सिग्नल असतो. नंतर घरी आलेल्याला तो ऐकू येत नाही. कंडिशन व्हेरिएबलला स्मरण नसतं. स्मरण रांगेला असतं, म्हणून झोपण्याआधी नेहमी रांग तपासायची, तीही लॉक हातात असताना.

यावरूनच आणखी एक चूक कळते, आणि ती अनुभवी लोकांकडूनही होते. झेंडा ॲटॉमिक (लॉकशिवायही एका झटक्यात सुरक्षित वाचता-लिहिता येणारा) केला म्हणून बदलणारा थ्रेड लॉक घेतच नाही. ॲटॉमिक लिहिणं सुरक्षित आहे, पण ते वरच्या फटीत नेमकं पडू शकतं: थांबणाऱ्याने तपासलं, अजून झोपला नाही, तेवढ्यात बदल आणि सिग्नल दोन्ही होऊन गेले. बदल करणाऱ्याने तोच लॉक घेतला तर ही फट बंद होते, कारण तपासणी ते झोप एवढा वेळ तो लॉक थांबणाऱ्याकडे असतो.

आता पावती छापायची ओळ पाहा. ती लॉक सोडल्यानंतर आहे. सीरियल पोर्टच्या ९६०० बॉडवर, म्हणजे सेकंदाला ९६०० बिटांच्या वेगावर, एका बाइटला १० बिट धरून, सेकंदाला ९६० बाइट येतात. वजनाची एक ओळ १२ बाइटची असेल तर सेकंदाला ८० ओळी. प्रिंटरला २ सेकंद लागले आणि लॉक तुमच्याच हातात राहिला, तर वाचणारा थ्रेड स्थिर वजन रांगेत घालताना अडकून राहील. सुटल्यावर तो साचलेल्या शंभर-दीडशे ओळी, म्हणजे शिळी वजनं, वाचत बसेल. लॉक हातात असताना प्रत काढण्यापलीकडे काही करू नका. छपाई, डिस्क, नेटवर्क, सगळं बाहेर.

प्रश्न : वरच्यासारख्या प्रोग्राममध्ये 'जर रांग रिकामी असेल तर वेट' असं का लिहू नये? जागं केलं म्हणजे रांगेत काहीतरी आलंच ना? — अभियांत्रिकीचा विद्यार्थी, सुदामा नगर, इंदूर

उत्तर : जागं केलं तेव्हा आलं होतं. तुम्ही लॉक पुन्हा मिळवून पाहता तोवर ते राहीलच असं नाही.

१९७४ साली संगणकशास्त्रज्ञ टोनी होअर यांनी मॉनिटरची (लॉक आणि कंडिशन एकत्र बांधणाऱ्या रचनेची) जी मांडणी प्रसिद्ध केली, तिच्यात सिग्नल देणारा लॉक थेट जाग्या झालेल्याच्या हाती देतो. मध्ये तिसऱ्याला शिरता येत नाही. त्या पद्धतीत 'जर' पुरतं. झेरॉक्समध्ये तयार झालेल्या मेसा भाषेत ही हमी सोडून दिली गेली. बटलर लॅम्पसन आणि डेव्हिड रेडेल यांनी १९८० च्या लेखात त्यामागचा विचार मांडला आहे: सिग्नल ही फक्त सूचना, जाग्या झालेल्याने अट स्वतः पुन्हा तपासावी. अंमलबजावणी सोपी होते आणि थ्रेडांची फुकटची अदलाबदल वाचते. आज तुम्ही वापरता ती पीथ्रेड्स, जावा, सी++, पायथन, रस्ट ही सगळी मेसाच्या वाटेने जातात.

म्हणून सिग्नल आणि तुमची जाग यांच्यामध्ये तिसरा थ्रेड येऊन रांगेतलं वजन घेऊन जाऊ शकतो. शिवाय कुणीही सिग्नल दिलेला नसताना वेट परत येऊ शकतो, याची मुभा पोसिक्स (युनिक्स प्रकारच्या प्रणालींचं मानक) आणि जावा दोन्हींनी स्पष्ट शब्दांत ठेवली आहे. 'जर' लिहिलं तर रिकाम्या रांगेतून काढायला जाल. सी++ मध्ये वेटला अट दिली, रस्टमध्ये वेट_व्हाइल वापरलं किंवा पायथनमध्ये वेट_फॉर, तर हा लूप आतच लिहिलेला मिळतो. शक्य तिथे तेच वापरा, विसरायला जागाच राहत नाही.

प्रश्न : जावात एकाच वस्तूची जागा असलेली पेटी लिहिली आहे. घालणारा एक थ्रेड, काढणारे दोन. अट लूपमध्ये आहे, सगळं सिंक्रोनाइज्ड (लॉकखाली) आहे, प्रत्येक बदलानंतर नोटिफाय (झोपलेल्या एकाला उठवणारा कॉल) आहे. तरी काही वेळाने तिन्ही थ्रेड गप्प होतात. जेस्टॅकमध्ये (थ्रेडांची स्थिती दाखवणाऱ्या जावाच्या साधनात) डेडलॉक दिसत नाही. — विजय नगर, इंदूर

उत्तर : हा दोष कागदावर एकेक पाऊल मांडला की स्वच्छ दिसतो. घालणारा घ, काढणारे क१ आणि क२.

पेटी रिकामी. क१ येतो, झोपतो. क२ येतो, झोपतो. घ वस्तू घालतो, नोटिफाय देतो. त्याने क१ ला उठवलं, पण क१ ला अजून लॉक मिळालेला नाही. घ लगेच दुसरी वस्तू घालायला येतो, पेटी भरलेली, म्हणून झोपतो. आता झोपलेले आहेत क२ आणि घ. क१ ला लॉक मिळतो, तो वस्तू काढतो आणि नोटिफाय देतो. जागं व्हायला हवं घ ने, पण नोटिफाय कुणाला उठवेल हे जावा ठरवून देत नाही. उठला क२. क१ पुन्हा काढायला येतो, पेटी रिकामी, झोपला. क२ लॉक घेऊन पाहतो, पेटी रिकामी, झोपला. घ आधीच झोपलेला आहे. पेटीत जागा आहे, घालायला वस्तू आहे, आणि तिघंही झोपलेले.

मूळ कारण असं की 'वस्तू आली' आणि 'जागा झाली' या दोन वेगळ्या गोष्टींची वाट पाहणारे एकाच दारापाशी झोपलेले आहेत, आणि तुम्ही त्यांच्यापैकी एकालाच उठवता. एकाला उठवणं तेव्हाच बरोबर, जेव्हा तिथे झोपलेले सगळे एकाच अटीची वाट पाहत असतात आणि झालेला बदल एकालाच पुरणारा असतो. यातलं एक जरी खरं नसेल तर नोटिफायऑल, म्हणजे झोपलेल्या सगळ्यांना उठवणं.

तुमच्या तीन थ्रेडांना नोटिफायऑलचा काहीच भार नाही; आजच्या आज तोच बदल करा. पन्नास थ्रेड असतील तर दर वेळी पन्नास उठतात, एकाला काम मिळतं आणि एकोणपन्नास पुन्हा झोपतात. तिथे २००४ च्या जावा ५ पासून मिळणारा रीएन्ट्रंटलॉक घ्या आणि त्याच्यावर दोन कंडिशन बनवा: 'रिकामी नाही' आणि 'भरलेली नाही'. घालणारा पहिलीवर सिग्नल देतो, काढणारा दुसरीवर. जावातली तयार अ‍ॅरेब्लॉकिंगक्यू आतून हीच रचना वापरते, आणि खरं सांगायचं तर अभ्यास सोडून दुसऱ्या कामासाठी तुम्ही पेटी स्वतः लिहूच नये. ती क्यू घ्या.

जेस्टॅकबद्दल: तो डेडलॉक शोधतो म्हणजे लॉकांची साखळी शोधतो, क ने ख चा लॉक मागितला आणि ख ने क चा. तुमच्या थ्रेडांकडे लॉकच नाही, ते वेटमध्ये झोपले आहेत. त्यांच्यापुढे स्थिती 'वेटिंग' दिसेल, 'ब्लॉक्ड' नाही. सगळेच 'वेटिंग' आणि कामाची रांग अडलेली, असं दिसलं की हुकलेला किंवा चुकीच्या थ्रेडला गेलेला सिग्नल शोधायला लागा.

प्रश्न : सांवेर रोडवरच्या नमकीनच्या युनिटमध्ये पॅकिंग लाइनवर रास्पबेरी पाय ४ हा छोटा संगणक लावला आहे. सेन्सरच्या थ्रेडने ५ सेकंदांत खूण दिली नाही तर लाइन थांबवायची, यासाठी पीथ्रेड_कॉन्ड_टाइम्डवेट (मुदत असलेला वेट) वापरलं आहे. लाइट जाऊन आली की सुरू झाल्यावर थोड्याच वेळात लाइन एकदा विनाकारण थांबते. एकदा कुणी हाताने तारीख बदलली तेव्हा उलटंच झालं: सेन्सर काढून ठेवला तरी लाइन चालूच. — देखभाल विभाग, सांवेर रोड

उत्तर : दोन्ही घटनांचं मूळ घड्याळात आहे. टाइम्डवेटला 'पाच सेकंद' असा कालावधी देता येत नाही, 'अमुक वाजेपर्यंत' अशी वेळ द्यावी लागते. आणि ही वेळ न सांगता भिंतीवरच्या घड्याळाची, म्हणजे क्लॉक_रिअलटाइमची धरली जाते. पाय ४ मध्ये बॅटरीवर चालणारं घड्याळ नाही. वीज गेल्यावर तो शेवटची जतन केलेली वेळ घेऊन उठतो. नेटवर्क मिळालं की वेळ एकदम पुढे उडी मारते. उडीच्या क्षणी जो थ्रेड 'पाच सेकंदांनंतरच्या वेळेपर्यंत' थांबलेला होता, त्याच्या दृष्टीने ती वेळ केव्हाच उलटून गेली. तो लगेच ईटाइम्डआउट (मुदत संपल्याचा संकेत) घेऊन परततो आणि लाइन थांबवतो. घड्याळ तासभर मागे नेलं तर तेच पाच सेकंद एक तास पाच सेकंद होतात. तुमच्या बाबतीत हा दुसरा प्रकार जास्त धोक्याचा आहे, कारण त्यात सुरक्षा गप्प बसते.

दुरुस्ती अशी. कंडिशन व्हेरिएबल बनवण्याआधी त्याचं अ‍ॅट्रिब्यूट तयार करा, पीथ्रेड_कॉन्डअ‍ॅटर_सेटक्लॉकने त्यावर क्लॉक_मोनोटोनिक (तारीख-वेळ बदलली तरी उडी न मारणारं घड्याळ) लावा, आणि तेच अ‍ॅट्रिब्यूट पीथ्रेड_कॉन्ड_इनिटला द्या. मग वेळही त्याच घड्याळातून घ्या; एक घड्याळ इथलं आणि एक तिथलं झालं तर गोंधळ वाढेल. सेकंदाचा अपूर्णांक मिळवताना नॅनोसेकंदांचा आकडा १०० कोटी किंवा त्याहून जास्त झाला तर एक सेकंद वाढवून तो खाली आणा, नाहीतर कॉल ईइनव्हॅल ही चूक देऊन न थांबताच परततो. परतलेला आकडा तपासला नाही तर लूप कोअर जाळत राहतो.

अंतिम वेळ लूपच्या बाहेर एकदाच काढा. लूपच्या आत काढली तर प्रत्येक फुकटच्या जागेनंतर पाच सेकंद नव्याने सुरू होतात. आणि ईटाइम्डआउट आलं तरी निर्णय घेण्याआधी अट एकदा तपासा: मुदत संपणं आणि खूण येणं एकाच वेळी घडू शकतं, आणि लॉक मिळेपर्यंत खूण येऊन बसलेली असू शकते.

सी++ वापरणाऱ्यांनी हेही लक्षात घ्यावं: जीसीसी या कंपायलरच्या १० च्या आधीच्या आवृत्त्यांत लिनक्सवर वेट_फॉर आतून भिंतीच्या घड्याळावरच थांबत असे. जीसीसी १० आणि जीलिबसी (लिनक्सवरची सी लायब्ररी) २.३० किंवा त्यानंतरचं असेल तर ते बरोबर वागतं.

प्रश्न : सिग्नल लॉक हातात असताना द्यावा की सोडल्यावर? — राजेंद्र नगर, इंदूर

उत्तर : जावात पर्याय नाही; लॉकशिवाय नोटिफाय केलं की इल्लीगलमॉनिटरस्टेटएक्सेप्शन येतं. पायथनमध्येही लॉक हवाच. पीथ्रेड्स आणि सी++ मध्ये दोन्ही चालतं, फक्त किंमत बदलताना लॉक हवा. सोडल्यावर दिला तर जागा झालेला थ्रेड लगेच लॉकवर आपटत नाही.

पण एक सापळा आहे. जाग्या झालेल्या थ्रेडचं पुढचं काम तो ऑब्जेक्टच नष्ट करणं असेल, तर लॉक सोडणं आणि सिग्नल देणं यांच्या मध्ये तो दुसऱ्या कारणाने जागा होऊन अट खरी पाहील आणि कंडिशन व्हेरिएबल मोडून टाकेल. तुमचा सिग्नल मग मोकळ्या झालेल्या मेमरीवर जाईल. अशा ठिकाणी सिग्नल लॉकच्या आत द्या. शंका असेल तेव्हाही आतच द्या. त्यात थोडा वेळ जाईल, पण चूक होणार नाही.

प्रश्न : सी++२० मध्ये ॲटॉमिकवरच वेट आणि नोटिफाय आले आहेत. मग म्युटेक्स आणि कंडिशन व्हेरिएबल सोडून द्यायचं का? — सॉफ्टवेअर नोकरदार, सुपर कॉरिडॉर, इंदूर

उत्तर : एकाच छोट्या किंमतीची वाट पाहायची असेल तर खुशाल. लिनक्सवर याच्या मुळाशी फ्युटेक्स आहे, जो २००२ मध्ये कर्नलच्या, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याच्या, विकास-आवृत्तीत आला. तुम्ही कर्नलला सांगता: या पत्त्यावरचा ३२ बिटांचा आकडा अजून ७ असेल तर मला झोपव. कर्नल स्वतःच्या कुलुपाखाली आकडा तपासतो. तो ७ राहिला नसेल तर झोपवत नाही, लगेच ईअगेन देऊन परत पाठवतो. आधी सांगितलेली तपासणी आणि झोपेमधली फट इथे कर्नल बुजवतो. विंडोज ८ पासून वेटऑनअ‍ॅड्रेस हेच काम करतं. आज लिनक्सवरचे म्युटेक्स आणि कंडिशन व्हेरिएबलही याच फ्युटेक्सवर उभे आहेत. कुणी आडवं आलं नाही तर लॉक कर्नलकडे न जाता एका ॲटॉमिक सूचनेत मिळतो.

सी++ च्या ॲटॉमिक वेटला फक्त 'जुन्या किंमतीपेक्षा वेगळी झाली का' एवढंच कळतं. किंमत ० ची १ झाली आणि थांबलेला थ्रेड पाहायच्या आत पुन्हा ० झाली, तर त्याच्या लेखी काही घडलंच नाही आणि तो झोपून राहू शकतो. म्हणून चालू-बंद अशा झेंड्यावर थांबू नका. दर बदलाला एकने वाढणाऱ्या क्रमांकावर थांबा. धर्मकाट्याच्या बाहेर वजन दाखवणाऱ्या बोर्डासाठी ही रचना उत्तम आहे. बोर्डाला मधली वजनं नकोत, ताजं वजन हवं. तो शेवटचा पाहिलेला क्रमांक लक्षात ठेवतो, क्रमांक वेगळा झाला की ताजं वजन घेतो, मधले पाच बदल हुकले तरी बिघडत नाही. पावतीला मात्र प्रत्येक वजन हवं, म्हणून तिथे रांगच.

क्रमांकाची तुलना करताना 'वेगळा आहे का' असंच विचारा, 'मोठा आहे का' असं नको. सेकंदाला ८० बदल धरले तर ३२ बिटांचा आकडा सुमारे १ वर्ष ८ महिन्यांनी भरून पुन्हा शून्यावर येतो. 'वेगळा' ही तुलना त्या क्षणीही बरोबर राहते. 'मोठा' लिहिलं असेल तर बोर्ड त्या दिवशी गोठेल.

अट दोन-तीन व्हेरिएबलांवर अवलंबून असेल, जसं 'रांग रिकामी नाही किंवा बंद करायचं आहे', तर म्युटेक्स आणि कंडिशन व्हेरिएबलकडेच या. या बाबतीत सगळ्यात देखणा मार्ग हास्केल या भाषेचा आहे. २००५ मध्ये टिम हॅरिस, सायमन मार्लो, सायमन पेटन जोन्स आणि मॉरिस हर्लिही यांनी मांडलेल्या पद्धतीत व्यवहाराच्या (एकसंध पार पडणाऱ्या वाचन-लेखनाच्या गटाच्या) आत 'रीट्राय' म्हटलं की थ्रेड झोपतो, आणि त्या व्यवहारात वाचलेल्यांपैकी कोणतीही किंमत बदलली की व्यवहार पुन्हा पहिल्यापासून चालतो. कशाची वाट पाहायची ते वेगळं सांगावंच लागत नाही, आणि सिग्नल विसरायची भीतीही नाही.

प्रश्न : पायथनमध्ये जीआयएल आहे, मग लॉक कशाला? — तिलक नगर, इंदूर

उत्तर : जीआयएल एका वेळी एकाच थ्रेडला पायथनचा बाइटकोड चालवू देतो, पण 'मोजणी += १' मध्ये वाचणं, वाढवणं आणि लिहिणं अशा वेगवेगळ्या सूचना असतात आणि त्यांच्यामध्ये थ्रेड बदलण्यापासून भाषा तुम्हाला वाचवत नाही. ऑक्टोबर २०२४ च्या ३.१३ मध्ये जीआयएलशिवायची बांधणीही, सुरुवातीला प्रायोगिक म्हणून, आली. लॉक ठेवा. बहुतेक कामांना क्यू मॉड्यूलमधली तयार क्यू पुरते.

प्रश्न : सगळे नियम पाळले आहेत. तरी सर्व्हरवर फार क्वचित एखादा थ्रेड सिग्नल देऊनही उठत नाही. दोष लायब्ररीचा असू शकतो का? — एक वाचक, पलासिया

उत्तर : असू शकतो, पण त्याचा क्रम शेवटचा.

आधी सी किंवा सी++ चा प्रोग्राम -एफसॅनिटाइझ=थ्रेड लावून बांधा आणि खऱ्यासारख्या भाराखाली चालवा. तो बराच मंदावेल, पण लॉकशिवाय हाताळलेलं व्हेरिएबल ओळ क्रमांकासह दाखवेल. मग अडकलेली प्रोसेस मारू नका. जीडीबी हा डीबगर जोडून सगळ्या थ्रेडांचा बॅकट्रेस (कोणता थ्रेड कुठल्या ओळीवर आहे त्याची यादी) घ्या आणि ज्या अटीची वाट पाहिली जात आहे तिची किंमत छापून पाहा. अट खोटी असेल तर थ्रेड बरोबर झोपला आहे आणि चूक बदल करणाऱ्याकडे आहे. अट खरी असून थ्रेड झोपलेला असेल तर सिग्नल हुकला: बदल लॉकशिवाय झाला, सिग्नल दुसऱ्याच कंडिशनवर गेला, किंवा जिथे ब्रॉडकास्ट (सगळ्यांना उठवणारा) हवा होता तिथे एकालाच उठवणारा सिग्नल दिला.

हे सगळं तपासून झाल्यावर जीलिबसीची आवृत्ती पाहा. २०१७ च्या २.२५ मध्ये तिथल्या कंडिशन व्हेरिएबलची रचना नव्याने केली गेली, आणि तिच्यात फार दुर्मीळ क्रम जुळून आला तर सिग्नल हरवण्याचा खरा दोष होता. त्याची नोंद २०२० मध्ये झाली आणि दुरुस्ती २०२५ च्या २.४१ मध्ये आली. तुमची लायब्ररी या दोन्हींच्या मधली असेल तर आधी तुमच्या लिनक्स वितरणाची अद्ययावत पॅकेजं बसवा.

प्रश्न : धर्मकाट्यासारख्याच प्रोग्राममध्ये 'बंद' बटण दाबल्यावर छापणारा थ्रेड थांबतो, पण सीरियल पोर्ट वाचणारा थांबत नाही. ब्रॉडकास्टही दिला आहे. — लोकमान्य नगर, इंदूर

उत्तर : छापणारा थ्रेड कंडिशनवर झोपलेला आहे, म्हणून 'बंद' हा त्याच्या अटीचा भाग असला की पुरतं. लॉक घ्या, बंद = १ करा, ब्रॉडकास्ट द्या. इथे सिग्नल नको, कारण हा बदल सगळ्यांसाठी आहे.

वाचणारा थ्रेड मात्र कंडिशनवर नाहीच. तो कर्नलमध्ये रीड कॉलवर झोपला आहे आणि पोर्टवरून बाइट आल्याशिवाय उठणार नाही. कंडिशन व्हेरिएबल आणि फाइल डिस्क्रिप्टर (उघडलेल्या फाइल किंवा पोर्टचा कर्नलमधला क्रमांक) या दोन्हींची वाट एकाच वेटमध्ये पाहता येत नाही. लिनक्सवर उपाय इव्हेंटएफडीचा, म्हणजे फक्त खूण देण्यासाठी असलेल्या फाइल डिस्क्रिप्टरचा आहे. सुरुवातीलाच एक इव्हेंटएफडी उघडा. वाचणाऱ्या थ्रेडने थेट रीड न करता सीरियल पोर्ट आणि इव्हेंटएफडी या दोन्हींवर पोल करावा (म्हणजे कुठेही काही येईपर्यंत थांबावं), मुदत -१, म्हणजे बेमुदत. 'बंद' बटण दाबलं की इव्हेंटएफडीमध्ये ८ बाइटचा १ हा आकडा लिहा. पोल परतल्यावर आधी इव्हेंटएफडी तपासा, मग पोर्ट. इथे सिग्नल हुकायची भीती नाही, कारण लिहिलेला आकडा कुणी वाचेपर्यंत तिथेच राहतो. थ्रेड पोलमध्ये शिरण्याआधी बटण दाबलं गेलं असेल तरी पोल लगेच परततो.

शेवटी क्रम सांभाळा: आधी वाचणारा थ्रेड जॉइन करा (तो संपेपर्यंत थांबा), मग बंद = १ करून छापणाऱ्याला ब्रॉडकास्ट द्या आणि त्याला जॉइन करा. उलट केलं तर छापणारा निघून गेल्यावर वाचणारा रांगेत शेवटचं वजन टाकेल आणि त्या ट्रकची पावती निघणार नाही.